झोपाळू नवजात बाळाला पुरेसे पाजणे : परळी खोऱ्यातील कामाच्या नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४

सातारा तालुक्याच्या पश्चिमेला, उरमोडी धरणाच्या आजूबाजूला विखुरलेल्या वाड्यांमध्ये, आजपासून एक छोटे काम सुरू करीत आहोत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची, ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली किंवा पहिल्या आठवड्यात कावीळ दिसलेली बाळे घरी आल्यावर पुरेसे दूध पितात की नाही, हे त्यांचे जन्माचे वजन भरून येईपर्यंत पाहायचे आणि त्यासाठी प्रत्येक घरात भिंतीला टांगता येईल असे एक पाजणी-पत्रक द्यायचे, एवढाच त्याचा आवाका आहे. मी या भागाची आरोग्य सेविका असून सोबत वाड्यावाड्यांच्या आशाताई आहेत.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंच्या ठरलेल्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्या धर्तीवर २०११ पासून देशभर या भेटी सुरू झाल्या, आणि त्यांचे मोल मी रोज पाहते. परंतु झोपाळू बाळाच्या दृष्टीने तिसऱ्या आणि सातव्या दिवसामधले अंतर फार आहे. आईचा पान्हा भरून येण्याचे, बाळाचे वजन सर्वांत खाली जाण्याचे आणि कावीळ चढण्याचे दिवस नेमके हेच असतात. सिझेरियन झालेली आई बहुधा या काळात दवाखान्यातच असते. साधी प्रसूती झालेली आई मात्र तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी येते आणि अवघड दिवस घरातच सुरू होतात. म्हणून आमच्या यादीतल्या प्रत्येक बाळाला पाचव्या दिवशी एक जादा भेट द्यायची, असे ठरवले आहे.

२५ ऑक्टोबर

आजच्या बैठकीत पत्रकाचा पहिला नमुना आशाताईंपुढे ठेवला. चर्चा मात्र पत्रकावर कमी आणि न रडणाऱ्या बाळांवर जास्त झाली. “पोर लई गुणाचं हाय, अजिबात रडत न्हाय,” हे वाक्य प्रत्येकीने कोणत्या ना कोणत्या आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. त्यात आजीची माया असते आणि दिवस भरून जन्मलेल्या, भरपूर लघवी करणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते खरेही असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र तीच शांतता अशक्तपणाची खूण असू शकते, आणि हे घरच्यांना न दुखावता सांगणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे.

भूक लागली की बाळ रडेल, असे सगळीकडे धरून चालतात. वास्तविक रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ हात तोंडाकडे नेते, मान वळवून तोंड उघडते, ओठ चाटते. ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाला बहुधा या खुणा देण्याइतकीही जाग नसते. ते छातीला लावले की चार-दोन घोट घेते आणि तिथेच झोपी जाते. दूध कमी गेल्याने ताकद कमी राहते, ताकद कमी म्हणून झोप वाढते, आणि इकडे छाती रिकामी न झाल्याने आईचे दूधही कमी तयार होऊ लागते. कावीळ असेल तर आणखी एक गाठ पडते : दूध कमी म्हणून शी कमी होते, शी कमी म्हणून आतड्यातले पित्तद्रव्य पुन्हा रक्तात शोषले जाते, कावीळ वाढते, आणि वाढलेली कावीळ बाळाला अधिक गुंगवते. हे चक्र आपोआप थांबत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी घड्याळ हातात घेऊन ते तोडावे लागते.

जन्मानंतर पहिले तास-दोन तास बाळ टक्क जागे असते आणि मग बराच वेळ झोपते, ही झोप स्वाभाविक असल्याचेही आशाताईंना सांगितले. पहिल्या दिवशी एका वेळेला २ ते १० मिलीलीटर चीक पोटात गेला तरी पुरतो. तेवढ्यासाठी मध, गुटी किंवा डब्याचे दूध देण्याचे कारण नाही. नियम सोपा ठेवला आहे : २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे आणि एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत, दिवस असो वा रात्र, ३ तासांहून जास्त अंतर न पडू देणे.

६ नोव्हेंबर

कामातली पहिली खरी परीक्षा आज झाली. बाळ मुलगी आहे. ३६ व्या आठवड्यात जन्मलेली, जन्माचे वजन २३०० ग्रॅम. आई पहिलटकरीण असून बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. आज पाचव्या दिवशी डिजिटल काट्यावर वजन २१०० ग्रॅम भरले, म्हणजे जवळपास ९ टक्के घट. पहिल्या आठवड्यात थोडे वजन उतरतेच; ७ टक्क्यांपुढे गेले की पाजणे नीट पाहायचे आणि १० टक्क्यांशी पोहोचले की वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचे, असा आमचा क्रम आहे. या वयाला २४ तासांत निदान ६ लंगोट ओले व्हायला हवेत आणि शी पिवळी झालेली असायला हवी. कालपासून ३ लंगोट ओले झाले होते, त्यांतल्या एकावर विटकरी डाग होता, आणि शी अजून काळपट हिरवी होती. चेहरा व छाती पिवळसर होती, तळहात-तळपाय नव्हते. घरातून वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. पाजण्याची बैठक व्यवस्थित बसवून उद्या सकाळी बाळ दाखवायला आणावे, असे त्यांनी सांगितले.

बाळ दोन दुपट्यांत घट्ट गुंडाळलेले आणि गाढ झोपेत होते. हात उचलून सोडला की तो तसाच खाली पडत होता. अशा गाढ झोपेतून ओढून उठवण्याचा उपयोग होत नाही. दुपटी सोडली, टोपरे डोक्यावर ठेवले, लंगोट बदलला आणि बाळाला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवून वरून दोघींवर शाल घेतली. काही वेळाने पापण्यांखाली बुबुळे हलू लागली आणि बोटे चाळवली; हीच उठवण्याची वेळ. पाठीवरून खालून वर हात फिरवला, तळपाय अंगठ्याने चोळले, हनुवटीला आधार देऊन बाळाला क्षणभर बसते केले. मावशीने तोंडावर पाणी शिंपडायला सुचवले होते. ते टाळले, कारण त्याने बाळ गार पडते आणि गार पडलेले बाळ आणखी झोपते.

आईने हाताने दाबून चिकाचे काही थेंब बाळाच्या ओठावर सोडले. जीभ बाहेर आली, तोंड मोठे उघडले, तेव्हा छातीला लावले. चोखणे थांबले की आईने स्तन तळहातात धरून हलकेच दाबून धरायचा. दुधाची धार आत गेली की बाळ पुन्हा गिळू लागते. दाबूनही गिळेना, तेव्हा ढेकर काढून दुसऱ्या बाजूला घेतले, आणि पुन्हा पहिल्या बाजूला. अर्ध्या तासानंतर मात्र थांबवले. अशक्त बाळाला तासभर छातीला लावून ठेवले तर मिळालेली ताकद चोखण्यातच खर्च होते. उरलेले दूध आईने उकळून घेतलेल्या वाटीत काढले आणि ते वरून पाजायचे ठरले.

इथे आजींनी कपाटातून चांदीचे बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, काढले. या मुलीची आईही त्यानेच प्यायली होती. बाटलीपेक्षा बोंडले किंवा वाटी-चमचा कितीतरी चांगला, फक्त प्रत्येक वेळी ते उकळून घ्यावे, बाळ जागे व बसते असावे, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवावी आणि बाळाला स्वतः घोट घेऊ द्यावा. झोपलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. प्रमाणाचा हिशोब पहिल्या दिवशी २४ तासांत किलोमागे साधारण ६० मिली, मग रोज सुमारे २० मिलीने वाढ, आणि आठवड्याच्या शेवटी दीडशेच्या पुढे असा धरतात. म्हणजे या मुलीला आज छाती आणि बोंडले मिळून एका वेळेला ३५ ते ४० मिलीच्या आसपास लागेल. काढलेले दूध घरात झाकून ठेवले तर ४ तासांच्या आत संपवावे, हेही सांगितले.

आज संध्याकाळी घरात पाचवीची पूजा होती आणि त्यानिमित्त आजी आणि मामी रात्री जाग्या राहणारच होत्या. रात्री ११, पावणेदोन आणि साडेचार या तीन वेळा त्यांच्याकडे सोपवल्या : त्यांनी बाळाला उलगडून जागे करायचे, आईकडे आणून द्यायचे, पाजून झाल्यावर बोंडले द्यायचे आणि आईला लगेच झोपू द्यायचे. बाळंतिणीने रात्रभर एकटीने घड्याळाकडे पाहत बसावे, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. बाळाला उठवणे हे घराचे काम आहे.

७ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बाळ तपासले. कावीळ पोटाच्या खाली उतरलेली नाही. रात्रीच्या तिन्ही वेळा पाळल्या गेल्या. दुपारपर्यंत ४ लंगोट ओले, शी हिरवट पिवळी. वजन आज घेतले नाही, कारण एका दिवसाच्या फरकात नुकतेच पाजलेले दूध आणि नुकतीच झालेली लघवी यांचाच हिशोब जास्त असतो.

११ नोव्हेंबर

दुसऱ्या वाडीतल्या एका बाळाच्या पत्रकामुळे नमुना बदलावा लागत आहे. त्या घरी प्रत्येक वेळ काटेकोर नोंदलेली होती आणि ‘४० मिनिटे’, ‘४५ मिनिटे’ असे आकडे ओळीने भरलेले होते, तरीही वजन जागचे हलत नव्हते. समोर बसून पाहिले तेव्हा उलगडा झाला. बाळ छातीला लागलेले होते, गाल हलत होते, परंतु ते हलणे बारीक आणि भरभर होते; त्यात गिळणे जवळजवळ नव्हते. खरे दूध जाते तेव्हा चोखण्याची लय संथ होते, हनुवटी खाली उतरते, तोंड उघडे असताना क्षणभर थांबा येतो आणि मग गिळल्याचा मऊ आवाज ऐकू येतो. हा थांबा ज्या आईला एकदा दाखवला, तिला पुन्हा मिनिटे मोजावी लागत नाहीत.

म्हणून मिनिटांचा रकाना काढून तिथे ‘गिळताना दिसले का’ हा रकाना घातला आहे आणि त्याची तीनच उत्तरे ठेवली आहेत : बराच वेळ, थोडा वेळ, नाही. ‘नाही’वर खूण पडली की त्या वेळचे दूध काढून बोंडल्याने द्यायचे. पहिले दोन आठवडे विकतचे डायपर न वापरता सुती लंगोट वापरण्याची विनंतीही पत्रकावर घातली, कारण डायपरमध्ये थोडी लघवी जिरून जाते आणि लंगोट किती वेळा ओला झाला हा घरच्यांच्या हातातला सर्वांत भरवशाचा पुरावा हरवतो.

१४ नोव्हेंबर

३६ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीचे वजन २३१० ग्रॅम. पाचव्या दिवसापासून रोज सरासरी २६ ग्रॅम वाढ झाली आहे. या वयात २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असते आणि जन्माचे वजन दोन आठवड्यांत भरून यावे लागते. आज बारसे होते. पाळण्याभोवती गर्दी, हातोहाती फिरणारे बाळ, फोटो, गाणी. अशा गजबजाटात लहान बाळ रडत नाही, डोळे मिटून घेते, आणि सगळ्यांना वाटते की किती छान झोपले आहे. आजींनी मात्र नाव ठेवण्याआधी आणि जेवणावळीच्या मध्ये बाळ-बाळंतिणीला आतल्या खोलीत नेऊन दोन्ही वेळा पाजून घेतले. मुलगी आता स्वतःहून जागी होऊन तोंड वळवते. आणखी एक वजन चांगले आले की रात्रीचा गजर बंद करू.

२९ नोव्हेंबर

आजचे बाळ दिवस भरून, २७०० ग्रॅम वजनाने जन्मलेले. सहावा दिवस. पहाटेपासून प्यायलेले नव्हते. दुपटे सोडले, लंगोट बदलला, पाठ चोळली, तरी डोळे उघडले नाहीत. बोटाला जीभेची पकड लागली नाही. तळपाय पिवळे होते. उठवण्याच्या पुढच्या कोणत्याही पायरीवर वेळ न घालवता १०२ ला फोन लावला, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधले आणि सिव्हिलच्या नवजात कक्षात पाठवले. दूध काढून बोंडल्याने देण्याचा घरच्यांचा आग्रह होता. ज्या बाळाला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काहीही घालू नये, हे त्यांना तिथेच समजावले. संध्याकाळी कळले की बाळ काविळीच्या उपचाराच्या लाइटखाली आहे आणि आईने काढलेले दूध त्याला नळीने दिले जात आहे.

या घरात दोन दिवस बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरत होते. ऊन अंगाला बरे वाटते, पण चढलेल्या काविळीवर तो उपचार नव्हे, आणि त्या भरवशावर गेलेले दोन दिवस फार महागात पडू शकतात. पत्रकाच्या मागच्या बाजूला लाल चौकटीत आता हे छापायचे : सर्व प्रयत्न करूनही बाळ जागे होत नाही, अजिबात पीत नाही, ताप आहे किंवा अंग गार पडले आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आहे, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे आहेत, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पाजण्याचा खटाटोप सोडून दवाखाना गाठावा. आजारी नवजात बाळाची ने-आण आणि सरकारी रुग्णालयातले उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. हेही त्याच चौकटीत, मोठ्या अक्षरांत.

१८ डिसेंबर

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आहेत. शेंद्र्याच्या बाजूला रानात उभ्या असलेल्या कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर) तिथल्या आशाताईंसोबत जाऊन आले. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईची प्रसूती इथेच झाली. मुलगा लहान आहे, दवाखान्याच्या कार्डावर २२०० ग्रॅम. जिथे गावची माणसे वर्षभर राहतात तिथल्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि तिच्या मूळ गावच्या यादीत ती बाहेरगावी गेलेली होती. अशा बाळाच्या भेटी सहज सुटून जातात. नाव आजच घेतले.

कोपीतली अडचण घरापेक्षा वेगळी आहे. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते. बाळंतिणीजवळ आठ-नऊ वर्षांची मोठी मुलगी राहते. बाळ झोळीत असते. झोळीत अंग वळलेले, सगळीकडून ऊब आणि वर हलता झोका, त्यामुळे ते तासन्‌तास उठत नाही. शिवाय हनुवटी छातीला टेकून श्वासालाही अडचण होते. झोळी सोडा, असे सांगून चालणार नव्हते, कारण जमिनीवर गारठा आणि किडामुंगीचे भय आहे. मग असे ठरले की दिवसाचा बराच वेळ बाळाला आईने लुगड्याच्या पट्ट्याने छातीशी बांधून ठेवायचे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झालेली ही कांगारू पद्धत इथे त्याच कारणाने उपयोगी आहे : दुसरे साधनच नाही. छातीशी असलेले बाळ ऊब धरते, आणि ते चाळवले की आईला तत्काळ कळते. मोबाईलवर दर अडीच तासांचा गजर त्या मोठ्या मुलीने स्वतः लावून घेतला. पत्रकावर अक्षरांऐवजी चित्रे हवीत, ही सूचनाही तिचीच; स्तनाचे, ओल्या लंगोटाचे आणि पिवळ्या शीचे चित्र पुढच्या नमुन्यात येईल.

मुकादमाशीही बोलणे झाले. आई सव्वा महिना तरी फडावर जाणार नाही, असे तो म्हणाला. दर चार-पाच दिवसांनी इथे फेरी घालावी लागेल.

६ जानेवारी २०२५

खोऱ्यात कडाक्याची थंडी आहे आणि पाजण्याच्या नोंदींत एक जागा वारंवार रिकामी दिसते : सकाळच्या आंघोळीनंतरची. तेल लावून मालीश, ऊन ऊन पाण्याची आंघोळ, टाळू भरणे, ओवा-वावडिंगाची धुरी, घट्ट गुंडाळणे, आणि त्यानंतर बाळाची चार-चार तासांची झोप. आजींच्या दृष्टीने ही झोप हीच आंघोळीची फलश्रुती असते. सशक्त बाळाला त्याने फारसे बिघडत नाही. दोन किलोच्या बाळाचे मात्र एक पाजणे सरळ बुडते, आणि भिजल्याने अंगातली ऊबही जाते.

त्यासाठी आमची मांडणी अशी : छोट्या बाळाला वजन चांगले वाढू लागेपर्यंत आंघोळीऐवजी कोमट ओल्या कापडाने पुसावे, धूर खोलीत करू नये, आणि मालीश हलक्या हाताने, पाजण्याच्या वेळेच्या थोडे आधी करावे. मालिशीत बाळ जागे होते, हातपाय हलवते. ती जाग वाया न घालवता लगेच छातीला लावावे. बहुतेक आजींना हे पटते, कारण त्यांच्या हातचे काम त्यात काढून घेतलेले नाही. गुंडाळण्याविषयी एवढेच सांगितले की झोपताना हवे तर गुंडाळा, पाजताना मात्र हात मोकळे ठेवा; स्तनाला हात लागला की बाळ अधिक वेळ जागे राहते.

२८ जानेवारी

बदललेल्या पत्रकाचे नवे कागद तयार झाले. चित्रे आली, लाल चौकट आली, मिनिटे गेली. रात्रीच्या रांगेत प्रत्येक वेळेपुढे ‘कोण उठवणार’ अशी जागा ठेवली आहे आणि ती भेटीच्या वेळीच, घरातल्या माणसाचे नाव विचारून, भरायची आहे. गेल्या आठवड्यात एका घरी तिथे बाळाच्या वडिलांनी स्वतःचे नाव सांगितले. ते एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतात आणि रात्री उशिरा घरी येतात, तेव्हाचे पाजणे त्यांनी घेतले आहे.

कोपीतल्या मुलाचे वजन २६०० ग्रॅमच्या पुढे गेले आहे. टोळी आता कोरेगावच्या बाजूला सरकणार असल्याने तिकडच्या आशाताईंना फोनवरून कळवून मग त्याचे कार्ड आणि पत्रक आईच्या हाती दिले. आशाताईंच्या झोळीच्या काट्यावर थोड्या ग्रॅमचा फरक वाचता येत नाही. पाचव्या दिवसाच्या भेटीला उपकेंद्राचा डिजिटल काटाच न्यावा लागतो आणि तो एकच आहे. दुसऱ्या काट्याची मागणी आज लेखी दिली. तोवर ठोसेघरच्या वरच्या वाड्यांना मंगळवारी आणि धरणाकडच्या वाड्यांना शुक्रवारी, असा काट्याचा फेरा लावला आहे. मधल्या दिवशी पाचवा दिवस येणाऱ्या बाळासाठी काटा आदल्या संध्याकाळी आशाताईंच्या घरी पोहोचवायचा.